सूर्यावरचे झोत कोण उचलतं?

सूर्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय त्वरण दर सेकंदाला सेकंदी २७४ मीटर आहे, म्हणजे पृथ्वीवरच्या सुमारे अठ्ठावीस पट. तिथून एखादी वस्तू सेकंदाला २५ किलोमीटर वेगाने सरळ वर फेकली तर ती किती उंच जाईल, हे बारावीचा विद्यार्थी मिनिटभरात काढून देईल. उत्तर येतं साधारण ११४० किलोमीटर. पण सूर्याच्या कडेवर दुर्बिणीतून जे बारीक, उभे झोत सतत उसळताना दिसतात, त्यांचा वेग साधारण एवढाच असूनही त्यांची टोकं पृष्ठभागापासून पाच हजार, काही वेळा दहा हजार किलोमीटरपर्यंत पोहोचतात. झोताची सुरुवात पृष्ठभागाच्या दोन हजार किलोमीटर वर झाली असं धरलं तरी हिशेब बसत नाही. म्हणजे हा प्लाझ्मा एकदाच फेकून दिलेला नाही. तो वर चढत असतानाही त्याच्यावर काही तरी जोर लावत असतं.

हा जोर कशाचा, या प्रश्नावर साठ-पासष्ट वर्षं काम चालू आहे. झोतांच्या एका मोठ्या वर्गापुरतं त्याचं उत्तर आता पक्कं झालं आहे आणि ते उत्तर आघाततरंग हे आहे. दुसऱ्या, अधिक वेगवान वर्गाबद्दल मात्र पुराव्याला झेपेल त्याहून ठाम विधानं केली जातात, असं माझं मत आहे. या दोन वर्गांतली सीमा नीट समजून घेतली, तर या क्षेत्रातले बरेचसे वाद कशावरून आहेत ते कळतं.

या झोतांची पहिली पद्धतशीर नोंद केली रोममधल्या फादर आंजेलो सेक्की यांनी, १८७० च्या दशकात. ज्या थरात हे झोत दिसतात, त्या वर्णगोलाला 'क्रोमोस्फिअर' हे नाव नॉर्मन लॉकयर यांनी नुकतंच, १८६८ मध्ये दिलं होतं. ग्रहणाची वाट न पाहताही वर्णपटदर्शकातून सूर्याची कड अभ्यासता येते, हे त्याच वर्षी लॉकयर आणि गुंटूरला ग्रहण पाहायला आलेले फ्रेंच खगोलज्ञ पिएर जान्सेन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं. सेक्की यांना हे नवं तंत्र ऐन वेळी हाती लागलं. 'स्पिक्यूल' हे नाव मात्र बरंच उशिरा, १९४५ मध्ये, कोलोरॅडोतल्या क्लायमॅक्स वेधशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर ऑर रॉबर्ट्स यांनी दिलं. १९६८ आणि १९७२ साली जॅक बेकर्स यांनी तोवरच्या निरीक्षणांचे दोन सविस्तर आढावे घेतले. रुंदी काहीशे किलोमीटर, आयुष्य पाच ते दहा मिनिटं, वेग सेकंदाला वीस-तीस किलोमीटर हे तिथलं वर्णन आजही पहिल्या परिचयाला पुरेसं आहे. कोणत्याही क्षणी सूर्यावर असे लाखो झोत असतात. ते जेवढं द्रव्य वर नेतात, ते सौरवाऱ्याबरोबर निघून जाणाऱ्या द्रव्याच्या शंभरपट भरतं, असा जुना आणि टिकून राहिलेला अंदाज आहे. त्यातलं बहुतेक परत खाली येतं. पण शंभरातला एखादाच भाग वर राहिला तरी सौरवाऱ्याचा पुरवठा भागतो, म्हणून या काटकुळ्या झोतांकडे इतक्या गांभीर्याने पाहिलं जातं.

आघाततरंगांची कल्पना इथे आली ती झोतांसाठी नव्हे, उष्णतेसाठी. १९३९ ते १९४३ या काळात वॉल्टर ग्रोट्रियान आणि बेंग्ट एडलेन यांच्या कामातून सिद्ध झालं की सूर्याच्या किरीटाचं, म्हणजे सर्वांत बाहेरच्या वातावरणाचं, तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे. खालचा दीप्तिगोल, म्हणजे आपल्याला दिसणारा पृष्ठभाग, मात्र जेमतेम ५८०० केल्विनचा. वर जावं तसं थंड व्हायच्या ऐवजी वातावरण तापतं कसं? १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात लुडविग बिअरमन आणि मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी उत्तर सुचवलं: दीप्तिगोलाखाली वायू उकळत असतो, त्या खळबळीतून ध्वनितरंग निघतात, ते वर जाताना आघाततरंग होतात आणि आपली ऊर्जा तिथे उष्णतेच्या रूपात सोडतात. किरीटापुरती ही कल्पना पुढे मागे पडली, पण ध्वनितरंगाचं आघाततरंगात रूपांतर होण्याचा तिचा गाभा अचूक होता.

ते रूपांतर असं होतं. बैलगाडीच्या आसूडाची वादी मुठीपासून टोकाकडे बारीक होत जाते, म्हणून मुठीशी दिलेला संथ हिसका टोकाशी पोहोचेपर्यंत ध्वनीचा वेग ओलांडतो आणि आसूड कडाडतो. सूर्याच्या वातावरणात वादीच्या जाडीची जागा घनता घेते. दीप्तिगोलात एका घनमीटरमध्ये सुमारे ०.२ ग्रॅम वायू असतो. तिथून वर दर दीडशे किलोमीटरला घनता साधारण एक-तृतीयांशावर येते, आणि वर्णगोलाच्या माथ्यावर ती दशलक्षांश उरते. तरंगाची ऊर्जा तेवढीच, पण हलवायचं द्रव्य कमी कमी, म्हणून हालचालीचा वेग वाढत जातो. दीप्तिगोलात सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने हेलकावणारा वायू हजारेक किलोमीटर वर पोहोचेपर्यंत दहा किलोमीटरचा वेग गाठू शकतो, आणि तिथला ध्वनीचा वेग जवळपास तेवढाच आहे. मग तरंगाचा माथा पायथ्याला गाठतो, पुढची बाजू उभी होते, आणि दाब, घनता, वेग या तिन्ही गोष्टी एका पातळ पडद्यापाशी एकदम उडी घेतात. हाच आघाततरंग. त्याला लागणारी ऊर्जा बाहेरून आणावी लागत नाही, वातावरणाची रचनाच ते काम करते.

एवढं सोपं असतं तर प्रश्न साठच्या दशकातच सुटला असता. अडचण अशी की सूर्याच्या पृष्ठभागाचं मुख्य आंदोलन पाच मिनिटांचं आहे. रॉबर्ट लेटन, रॉबर्ट नॉइस आणि जॉर्ज सायमन यांनी ते १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि पुढे त्यातूनच सूर्याच्या अंतरंगाचा अभ्यास करणारी अख्खी शाखा उभी राहिली. पण दीप्तिगोलावरचं थंड वातावरण सुमारे दोनशे सेकंदांपेक्षा लांब आवर्तकाळाच्या ध्वनितरंगांना वर जाऊ देत नाही. आंदोलन याहून संथ असेल तर वरचा सगळा वायुस्तंभ एकत्रच वर-खाली होतो, तरंग पुढे सरकत नाही आणि ऊर्जा पोहोचत नाही. तीन मिनिटांची आंदोलनं सुटतात, पाच मिनिटांची अडकतात. आणि बहुतेक ऊर्जा तर पाच मिनिटांच्या आंदोलनांतच आहे.

यातून सुटकेची वाट चुंबकीय क्षेत्राने दिली. आयनीभूत वायू चुंबकीय क्षेत्ररेषेच्या दिशेनेच सहज वाहू शकतो. क्षेत्ररेषा तिरपी असेल तर त्या तिरप्या मार्गावर गुरुत्वाचा पूर्ण जोर लागत नाही, फक्त त्या दिशेचा घटक लागतो. गुरुत्व जणू कमी झालं की अडवणुकीची मर्यादाही सैल होते. आकडा काढायला कठीण नाही: दोनशे सेकंदांची मर्यादा तीनशेवर न्यायची असेल तर क्षेत्ररेषा उभ्या दिशेपासून सुमारे ४८ अंश कलली पाहिजे. ही सैद्धांतिक शक्यता सत्तरच्या दशकातच मांडली गेली होती. पण तिचं महत्त्व सर्वांच्या नजरेत भरलं ते २००४ मध्ये, बार्ट द पोंट्यू, रॉबर्ट एर्देयी आणि स्ट्युअर्ट जेम्स यांच्या 'नेचर'मधल्या लेखाने. दीप्तिगोलाची मोजलेली आंदोलनं त्यांनी संगणकातल्या तिरप्या चुंबकीय नलिकेच्या तळाशी घातली, आणि वर जे झोत निघाले, त्यांची वेळ प्रत्यक्ष दिसणाऱ्या झोतांशी जुळली. पाच मिनिटांचं आंदोलन गळून वर येतं, वाटेत आघाततरंग होतं आणि वर्णगोलाच्या माथ्याला ढकलतं.

त्याआधीची वाटचाल थोडक्यात सांगतो. यूजीन पार्कर यांनी १९६४ मध्येच स्पिक्यूलांचा संबंध चुंबकीय नलिकेतल्या तरंगांशी लावला होता. १९८२ मध्ये जपानमधल्या योशिनोरी सुएमात्सु, काझुनारी शिबाता आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जोसेफ हॉलवेग यांनी, आघाततरंग वर्णगोल आणि किरीट यांच्या सीमेला कसा उचलतो हे संगणकावर दाखवलं. हॉलवेग यांच्या प्रतिरूपात एका धक्क्यामागे वायुस्तंभ पुन्हा पुन्हा उसळतो आणि प्रत्येक उसळीतून नवा आघाततरंग निघतो. १९९० च्या दशकात मॅट्स कार्लसन आणि रॉबर्ट स्टीन यांनी चुंबकीय क्षेत्र विरळ असलेल्या भागात कॅल्शियमच्या वर्णपटरेषेत लुकलुकणारे तेजस्वी ठिपके हे ध्वनीचे आघाततरंगच आहेत, हे जवळजवळ निर्विवाद सिद्ध केलं. सूर्यावर आघाततरंग आहेत, याबद्दल नंतर कोणाला शंका राहिली नाही. ते झोत उचलतात का, एवढाच प्रश्न उरला.

त्याचं उत्तर ला पाल्मा बेटावरच्या एक मीटर व्यासाच्या स्वीडिश सौर दुर्बिणीने दिलं, आणि या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत समाधान देणारा भाग तोच आहे. सूर्याच्या कडेवर झोत एकमेकांवर पडून दिसतात आणि एकेकाचा माग काढणं अवघड जातं. म्हणून वीगो हान्स्टीन, द पोंट्यू, लुक रूप व्हॅन डर फोर्ट आणि त्यांचे सहकारी सूर्यबिंबाच्या आतल्या भागाकडे वळले. तिथे सौरडागांच्या आसपास हायड्रोजनच्या लाल रेषेत काळसर, आखूड तंतू वर-खाली होताना दिसतात, त्यांना डायनॅमिक फायब्रिल म्हणतात. पृथ्वीच्या वातावरणामुळे येणारी थरथर आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलून दुरुस्त केली की सव्वाशे-दीडशे किलोमीटरचे तपशील तिथे दिसू लागतात. २००६ आणि २००७ मध्ये त्यांनी शेकडो तंतूंच्या टोकांची स्थिती क्षणाक्षणाला नोंदली. जवळजवळ प्रत्येक टोकाचा मार्ग अगदी स्वच्छ पॅराबोला निघाला.

पॅराबोला पाहिला की मनात फेकलेल्या दगडाचा विचार येतो. पण इथे तो लागू पडत नाही, आणि हेच या शोधाचं मर्म आहे. फेकलेली वस्तू कितीही वेगाने फेका, तिचं मंदन गुरुत्व ठरवतं. एकाच क्षेत्ररेषेवर सावकाश निघालेला आणि वेगाने निघालेला वायू सारख्याच दराने मंदावला पाहिजे. प्रत्यक्षात उलट दिसलं: ज्या तंतूचा आरंभीचा वेग जास्त, त्याचं मंदनही जास्त. दोन राशींचा आलेख जवळपास सरळ रेषेत आला. शिवाय बहुतेक तंतूंचं मंदन सूर्याच्या गुरुत्वापेक्षा बरंच कमी होतं आणि काहींचं त्याहून जास्तही. गुरुत्व या गतीचं नियमन करत नाही, हे आलेखानेच सांगितलं.

आघाततरंगात हे आपोआप घडतं. आघाताचा पडदा वायूच्या एखाद्या भागावरून जातो तेव्हा तो भाग एकदम वर ढकलला जातो, मग त्याचा वेग एकसमान दराने घटत शून्यावर, नंतर तितकाच खालच्या दिशेला जातो, आणि पुढचा आघात येतो. वेगाचा आलेख करवतीच्या दात्यासारखा दिसतो. वेग एका आवर्तनात वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत उतरतो, म्हणून मंदन म्हणजे वेगाची दुप्पट भागिले आवर्तकाळ. वेग सेकंदाला २० किलोमीटर आणि आवर्तकाळ चार मिनिटं धरला तर सेकंदाला सेकंदी सुमारे १६७ मीटर येतात, प्रत्यक्ष मोजमापांच्या पल्ल्यात बसणारा आकडा. आवर्तकाळ साधारण ठरलेला असल्यामुळे वेग आणि मंदन एकमेकांच्या प्रमाणात राहतात. त्याच गटाने केलेल्या संगणकीय प्रतिरूपातही हाच संबंध उमटला. जिथे चुंबकीय क्षेत्र उभं आहे तिथले तंतू तीनेक मिनिटांत उठून बसतात, जिथे ते कललेलं आहे तिथले पाच मिनिटं घेतात, हेही अपेक्षेप्रमाणेच निघालं. इतक्या वेगळ्या धाग्यांची गाठ एका साध्या कल्पनेत बसावी, असं सौरभौतिकीत फार वेळा घडत नाही. म्हणून या वर्गापुरता मी 'पक्कं' हा शब्द वापरला.

सौरडागाच्या आतही हेच चालतं. डागाच्या सर्वांत काळ्या भागात कॅल्शियमच्या रेषेत तीनेक मिनिटांनी क्षणभर उजेड पडतो. १९६९ मध्ये बेकर्स आणि टॅलंट यांनी त्याची नोंद केली. आज ते उभ्या क्षेत्ररेषांवरून चढणारे आघाततरंग मानले जातात, आणि नंतरच्या काळात त्यांच्याबरोबर डागावर उठणारे आखूड झोतही दिसले. २०१८ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या आयआयटीतले अभिषेक श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डागावर वेगळ्या प्रकारचे, त्यांनी आभासी आघात म्हटलेले धक्के नोंदवले, आणि ते किरीटापर्यंत द्रव्य व ऊर्जा नेतात असं मांडलं.

आता दुसरा वर्ग. जपानचा हिनोदे उपग्रह सप्टेंबर २००६ मध्ये उडाला. पृथ्वीच्या वातावरणाच्या त्रासाबाहेरून त्याने कडेवरचे स्पिक्यूल पाहिले तेव्हा २००७ मध्ये द पोंट्यू यांच्या गटाने त्यांचे दोन प्रकार सांगितले. पहिला प्रकार वर-खाली होणारा, तीन ते सात मिनिटं टिकणारा, म्हणजे फायब्रिलांचाच भाऊबंद. दुसरा सेकंदाला पन्नास ते दीडशे किलोमीटर वेगाचा, एक-दोन मिनिटांत दिसेनासा होणारा. शांत भागात आणि ध्रुवांजवळ हाच प्रकार जास्त दिसतो. तो खाली न येता नाहीसा होतो, म्हणजे तापून किरीटाच्या दिशेने निघून जातो का? २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये तसा दावा झाला. लगोलग शंकाही निघाल्या: २०१२ मध्ये एका गटाने हिनोदेचाच विदा पुन्हा तपासून दोन प्रकारांची विभागणीच नाकारली. मग जून २०१३ मध्ये सोडलेल्या आयरिस उपग्रहाने जास्त तापलेल्या वायूच्या रेषांत पाहिलं, तर हिनोदेला कॅल्शियमच्या रेषेत 'नाहीसे' झालेले दिसलेले झोत तिथे पुढे चढताना आणि मग खालीही येताना आढळले. त्यांचेही मार्ग बरेचदा पॅराबोलाच. तापण्याचा मुद्दा त्यामुळे बळकट झाला, परत न येण्याचा मात्र ढिला पडला. आणि नुसत्या पॅराबोलावरून यंत्रणा ओळखता येत नाही, हेही त्यातून दिसलं.

या वेगवान प्रकाराला साधा आघाततरंग पुरत नाही, यावर आज बहुतेकांचं एकमत आहे. २०१७ मध्ये हुआन मार्तिनेस-सिकोरा यांच्या गटाने दुसरी यंत्रणा पुढे केली. वर्णगोलातला वायू पूर्ण आयनीभूत नसतो. आयन क्षेत्ररेषांना बांधलेले असतात, उदासीन अणू नसतात, आणि दोन्हींच्या घसरण्यातून पीळ पडलेलं क्षेत्र खालच्या थरातून वर झिरपतं. तिथे तो ताण एकदम सुटला की वायू फेकला जातो. २०१९ मध्ये तन्मय सामंत आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर वेधशाळेच्या १.६ मीटर दुर्बिणीतून पाहिलं की मोठ्या चुंबकीय पुंजक्याजवळ उलट ध्रुवतेचा छोटा पुंजका आला की तिथून झोत निघतात. हे चुंबकीय पुनर्जोडणीचं, म्हणजे उलट दिशांच्या क्षेत्ररेषा तुटून नव्याने जोडल्या जाण्याचं, लक्षण आहे.

माझ्या वाचनात या वादावरचं सर्वांत विचार करायला लावणारं काम बंगळूरचं आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्थेतले साहेल डे आणि पियाली चॅटर्जी, अझीम प्रेमजी विद्यापीठातले मूर्ती आणि परदेशातले सहकारी यांनी २०२२ मध्ये 'नेचर फिजिक्स'मध्ये ते प्रसिद्ध केलं. स्पीकरवर पातळ द्रव ठेवून तो जोरात थरथरवला की झोत उठतात, पण पाण्याचे झोत लगेच थेंबांत तुटतात. द्रवात पॉलिमरच्या लांब साखळ्या असतील तर ते उंच, अखंड राहतात. पॉलिमरच्या साखळ्या आणि प्लाझ्मातल्या क्षेत्ररेषा दोन्ही द्रवाला एका दिशेने ताठरपणा देतात, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या संगणकीय प्रतिरूपात पृष्ठभागाखालच्या खळबळीतून, तिथून उठणाऱ्या आघातांसकट, झोतांचं अख्खं रान उभं राहिलं, आणि त्यात एकच एक यंत्रणा गृहीत धरावी लागली नाही. गुरुत्व, जोरदार जवळपास-आवर्ती हलवणूक, द्रव, आणि दिशेचा ताठरपणा एवढं असलं की झोत निघतात. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळे झोत पाहून वेगवेगळ्या यंत्रणा पुढे केल्या असाव्यात, तळाशी मात्र चालना तीच असावी, असं मला त्यावरून वाटतं. ते सिद्ध झालेलं नाही, पण पुढे शोधण्याजोगी दिशा निश्चित आहे.

मोठ्या झोतांची गोष्ट निराळी. १९९० च्या दशकात जपानच्या योहको उपग्रहाने दाखवलेले क्ष-किरणांतले प्रचंड झोत पुनर्जोडणीने निघतात, याला आज कोणी फारसा विरोध करत नाही. त्यातही आघाततरंग असतात, पण ते स्फोटाचा परिणाम म्हणून.

उष्णतेच्या प्रश्नाकडे मात्र परत यायला हवं, कारण लोकप्रिय लिखाणात तिथेच सर्वाधिक घाई होते. १९७७ मध्ये जॉर्ज विथब्रो आणि नॉइस यांनी काढलेले आकडे आजही वापरतात: शांत भागात वर्णगोलाला दर चौरस मीटरमागे सुमारे ४००० वॅट, तर किरीटाला ३०० वॅट लागतात. २००५ मध्ये अस्ट्रिड फॉसम आणि कार्लसन यांनी उच्च वारंवारतेच्या ध्वनितरंगांचं मोजमाप करून वर्णगोलाची गरज त्यातून भागत नाही असं सांगितलं. त्या मोजमापावर पुढे वाद झाला. त्यामुळे आघाततरंग वर्णगोलाचा वायू हलवतात आणि काही अंशी तापवतात एवढंच म्हणता येईल. 'एका वर्गाचे झोत आघाततरंगांनी उठतात' या सिद्ध विधानापासून 'म्हणून किरीट तापतो' या विधानापर्यंतची वाट अजून चाललेली नाही, आणि ती चालल्यासारखं लिहिणं वाचकावर अन्याय आहे.

पुढची पावलं मोजमापाची आहेत. झोताच्या पायथ्याशी, वर्णगोलातच, चुंबकीय क्षेत्र किती आणि कोणत्या दिशेने आहे हे झोत उठण्याआधी, उठताना आणि नंतर मोजता आलं पाहिजे. आजवरचं बहुतेक ज्ञान खालच्या दीप्तिगोलातल्या क्षेत्रावरून वरचं क्षेत्र काढून मिळवलेलं आहे. हवाईतल्या हालेआकाला शिखरावरची चार मीटरची इनोये दुर्बीण, जिची पहिली चित्रं जानेवारी २०२० मध्ये आली, या कामासाठीच बांधलेली आहे. ती काही दहा किलोमीटरचे तपशील वेगळे दाखवू शकते. लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठी मेरक इथे दोन मीटरची राष्ट्रीय सौर दुर्बीण प्रस्तावित आहे. पुण्याच्या आयुकाने बनवलेला सूट हा उपकरणसंच भारताच्या आदित्य-एल१ यानाबरोबर २ सप्टेंबर २०२३ ला निघाला, आणि ६ जानेवारी २०२४ ला यान आपल्या ठिकाणी पोहोचलं. २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या वर्णगोलीय रेषांसह, तो संपूर्ण सूर्यबिंब पाहतो. एकेक फायब्रिल त्याला वेगळा दिसणार नाही, कारण त्याच्या चित्रातला एक ठिपकाच सुमारे पाचशे किलोमीटरचा आहे. पण तीन आणि पाच मिनिटांची आंदोलनं सूर्याच्या कोणत्या भागातून किती गळतात, आणि सौरडागाच्या वयानुसार ती गळती कशी बदलते, हे अख्ख्या सूर्यावर एकाच वेळी पाहायची सोय त्यात आहे. ला पाल्माच्या दुर्बिणीत एका वेळी सूर्याचा एक चिमुकला तुकडाच मावतो.